मुका खांब

जाळं सांधायला बापानं शिकवलं, तेव्हा मी आठ वर्षांचा.
गाठ अशी मार, म्हणाला, की समुद्रालाही सुटू नये.
चाळीस वर्षं मारल्या गाठी,
बॅरेंट्सच्या गारठ्यात, दोरीचं टोक दातांत धरून.
मग एका पहाटे बोटीवरच्या रहाटानं
डाव्या हाताची दोन बोटं नेली,
करंगळी आणि तिची शेजारीण,
आणि मी फुग्लोयला परतलो, फेरो बेटांच्या पार टोकाला,
खिडकीतून दुसऱ्यांच्या मेंढ्या मोजायला.

सुन्वा शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची.
नोव्हेंबरात रुबार्बचा मुरांबा घेऊन आली.
तीन वाजताच अंधारलं होतं, मी दिवा लावला नव्हता.
तिनं लावला. काही विचारलं नाही.
पिशवीतून दोन सुया काढल्या, एक करडा गुंडा,
मेंढीचा वास अजून न गेलेला.

"ह्यात गाठ कुठं मारायची?"
"गाठ नाहीच. टाक्यातून टाका काढायचा."
मला पटेना.
एक टोक ओढलं की सगळं उसवणार,
असलं काही माणसानं अंगात घालावं तरी कसं?
"म्हणून तर," ती म्हणाली, "चुकायला मोकळीक आहे."

तीस टाके घातले होते,
दहा ओळींनंतर एकेचाळीस भरले.
तिनं बोटानं मोजले, परत मोजले,
जसे आगंतुक पाहुण्यांसाठी कोणी कप मोजावेत.
सुलट, सुलट, उलट.
पण धागा हातावर ठरेना.
करंगळीनं जिथं त्याला अडवायचं
तिथं माझ्याकडे नुसती हवा.
एकदा सुई भिरकावली, ती चुलीमागे गेली.
सुन्वा खाली बसून शोधत राहिली.
तिचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं.

एका गुरुवारी तासभर आधीच गेलो.
तिच्या खिडकीशी थबकलो.
आत ती एकटी, डाव्या हाताची दोन बोटं
चिकटपट्टीनं तळव्याशी बांधून टाकलेली,
तीन बोटांनी विणत होती.
टाका निसटला. पुन्हा निसटला.
अशी शिवी हासडली तिनं
की आमच्या बोटीवरचा स्वयंपाकीही लाजला असता.

मी घराला तीन चकरा मारल्या, वाऱ्याला डोकं देत.
मग दार वाजवलं.

"बघ हानुस, धाग्याचा मनगटाला एक वेढा दे,
मग अंगठ्याखालून ने. हे आज सहज सुचलं."
तिच्या बोटांवर पट्टीचे पांढरे वळ.
"सहज," मी म्हणालो.
त्या दिवशी अकरा ओळी झाल्या, तीसच्या तीस.

फेब्रुवारीत तिनं क्रोशाची सुई दिली.
साखळी आली. खांब आला.
एक टाका मात्र बुटका, दिसतही नाही धड.
"हा मुका खांब," ती म्हणाली,
"ह्याला उंची नसते. खालची ओळ वरच्या ओळीला बांधून ठेवतो,
एवढंच त्याचं काम."
मी तिच्याकडे पाहिलं.
ती टाके मोजत होती.

दुकानातल्या हातमोज्याची दोन बोटं
माझ्या हातावर रिकामी लोंबतात,
लहान मुलं बघतात, आया त्यांना ओढून नेतात.
म्हणून एप्रिलात स्वतःचाच मोजा विणायला घेतला:
अंगठा, दोन बोटं, पुढे सपाट बंद.
तेरा संध्याकाळी लागल्या.
घालून बघतो तर अंगठा भलत्याच बाजूला.

सुन्वानं तो उलटा केला, सुलटा केला,
दिव्यापुढे धरला.
"खेकड्याला होईल," म्हणाली,
आणि दोघं इतकं हसलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

मग मीच टोक शोधलं आणि ओढलं.
गाठ नव्हती कुठंच, सगळं सुटत आलं,
लोकर कुरळी, जिथं जिथं टाका होता तिथं वाकलेली.
तिनं दोन्ही हात पुढे केले,
दहाही बोटं उघडी,
आणि मी तिच्या हातांभोवती
लोकर गुंडाळत गेलो.