नाव कमी करण्याचा अर्ज

रेशन ऑफिसच्या जिन्याखाली माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली जुन्या फॉर्मांची घडी.
अर्ज लिहायचे तीस, झेरॉक्सचे वेगळे,
कुणी रडलंच तर चहा माझ्याकडून.

पारूबाई खिल्लारे दिघ्याहून आल्या.
पिशवीत पिशवी, तिच्यात दुधाची रिकामी थैली, तिच्यात कार्ड.
"पोराचं नाव काढायचंय."
मी वर न बघताच विचारलं, वारला का?
त्यांनी दोन्ही कानांना हात लावले.
"काहीतरीच बोलू नको गं बाई, कामाला लागलाय.
रबाळ्यात, पत्र्याच्या कारखान्यात.
महिना चौदा हजार. स्लिप मिळते."

स्लिप मिळते, तिथेच सगळं अडतं.
वर्षाला एकोणसाठ हजार, अशी एक रेघ आहे.
ती कुणी, कुठे उभं राहून मारली ठाऊक नाही,
पण माझ्या टेबलापाशी येणारा जो तो
तिच्याखाली मावायला पोट आत ओढतो.
आणि बाईंचा नवरा आठवड्यातून दोनदा कळव्याला, मशीनवर.
तिथल्या खिडकीत आधी कार्ड मागतात,
दुखतंय काय ते नंतर.

फॉर्मवर कारणांचे चौकोन छापलेले.
मृत्यू. विवाह. स्थलांतर. विभक्त.
मी वाचून दाखवले, भाजीवालीने भाव सांगावेत तसे.
बाई एकेका शब्दापाशी थांबल्या.
"लग्न कुठं झालंय अजून.
गेलाबी नाही कुठं,
काल रात्री माझ्याच ताटात जेवला,
सुकटीच्या कालवणात भाकरी कुस्करून.
विभक्त म्हणजे काय गं?"
चूल वेगळी, मी म्हटलं.
"चूल कुठली आता? शेगडी हाय. एकच."

मागे रांग खोकत होती.
कुणाचं तरी लहान पोर माझा स्टॅम्पपॅड चाटायला निघालं होतं,
मी त्याला आवरलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या,
"घाल तेच. पण पेन जरा हळू टेकव."

मी हळू टेकवलं.
अंगठ्याला लसणाचा वास होता,
"वरील माहिती खरी आहे" याच्यावर
तो थोडा तिरका उठला.

जाताना परत वळल्या.
त्याचं काम सुटलं तर जोडता येतं ना पुन्हा?
येतं, म्हटलं. त्याचा फॉर्म वेगळा.

संध्याकाळी खण आवरताना माझंच कार्ड हाताला लागलं.
दुसऱ्या ओळीत अजून दत्ताराम.
चार वर्षं होतील जाऊन.
कारण सोपं, पहिलाच चौकोन,
दिवसाला आठ-दहा जणांचा तरी भरते मी.
लोक म्हणतील, पाच किलोंसाठी.
असेल. पाच किलोंसाठीही असेल.
तो तांदूळ निवडताना मी खडेच बघते, दुसरं काही बघत नाही.
मुलगी ताटं मांडते, तिला मोजायला सांगावं लागत नाही.

दुकानदार भला माणूस आहे.
दर महिन्याला मशीन पुढे सरकवत म्हणतो,
ताई, केवायसी राहिलीय साहेबांची,
एकदा घेऊन या त्यांना, अंगठ्यापुरतं.
मी पिशवीचं तोंड बांधत म्हणते,
हो, आणते.