सातवं दार

माझ्याकडे एकच दार होतं.
अक्रोडाचं, दुपाखी,
न्याहारीच्या दालनातून बागेकडं जाणारं.
सहावं दार गोचाकडे, आठवं एका बहिऱ्याकडे,
त्याला पावलांची धमक फरशीतून कळायची.

नियम एवढाच:
सम्राटानं कुठंही थांबता कामा नये.
त्यानं चालत राहावं, जग उघडत जावं.
राजा चाले, दार हाले.
बिजागऱ्यांना मी हंसाची चरबी लावायचो,
श्वास नाकातल्या नाकात धरायचो.
बावीस वर्षं त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
माझ्या कामाला याहून मोठी पावती नव्हती.

गादीवर आला तेव्हा नऊ वर्षांचा.
मुकुटाच्या आत लोकर भरली होती
तरी तो कानांवर टेकायचा.
एकदा दुपारी सगळे झोपले असताना
तो लांबून धावत आला, थेट दारावर,
वेळेत उघडतंय का बघायला.
उघडलं.
पुन्हा धावला. पुन्हा उघडलं.
दहाव्या वेळी मी पापणीभर उशीर केला.
त्याचं नाक माझ्या तळहातावर आपटलं
आणि तो खो खो हसला,
दाराकडे बघून.

पुढं दक्षिणेची बंदरं गेली.
मंत्री आत जाताना तारांची भेंडोळी न्यायचे,
बाहेर येताना रिकाम्या हातानं रुमाल घडी करायचे.
मिठावर कर बसला, मग पिठावर.
फेब्रुवारीत बायका तांब्याची रिकामी पातेली बडवत
कोटाखाली आल्या.
त्यानं अंडं फोडता फोडता विचारलं, कसला आवाज?
कारभारी म्हणाला,
अक्रोड झोडपताहेत, महाराज.
फेब्रुवारीत.
आणि त्याला ते पटलं.
मला माहीत होतं. मी दार धरून उभा होतो.

शिपाई आले त्यांनी दारं उघडली नाहीत,
उखडली. शेकोटीला.
माझं चांगलं वाळलेलं होतं,
रात्रभर जळलं.
कागदावर सही झाल्यावर त्यानं विचारलं,
कुठल्या दारानं जायचं?
एक कोवळा शिपाई म्हणाला, कुठल्याही.
इतका गोंधळलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

बायको नुत्सा म्हणाली, तू कशाला जातोस मरायला?
मला दुसरं काय येत होतं?

समुद्रापलीकडे, कोन्स्तान्त्सा गावात,
खाऱ्या मासळीच्या दुकानावर दोन खोल्या.
घरमालकीण परास्किवा, भाडं आगाऊ.
एक दार. हिरवं, दमट हवेनं फुगलेलं.
पहिल्याच दिवशी मी पावाच्या रांगेत गेलो,
परतलो तर दाराशी आत तो उभा,
कोट, टोपी, हातमोजे घालून,
सकाळपासून.
चिडलेला नव्हता.
आडोशाला उभं राहून पावसाची सर ओसरायची वाट बघावी
तसा.

महाराज, मूठ खाली दाबायची असते.
त्यानं विचारलं, कुठल्या हातानं?

चार दिवस लागले.
पाचव्या दिवशी दिवसभर उघडझाक, उघडझाक.
खालून परास्किवा झाडूच्या दांड्यानं छत ठोकत राहिली.
तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाला,
तुझं नाव काय रे?
मी सांगितलं, बेसारिओन.
तो दोनदा पुटपुटला, मग विसरला.

म्हातारपणी त्याला एक नाद लागला.
सकाळी बेकरीशी जाऊन उभा राहायचा,
टोपल्या घेऊन बाया आल्या की
दार धरायचा, बाजूला सरून,
श्वास नाकातल्या नाकात.
घरी येऊन मोजे काढत सांगायचा,
आज कुणाचंही माझ्याकडे लक्ष गेलं नाही!
मी म्हणायचो, जमलं तुम्हाला.
आणि मला जरा मत्सरही वाटायचा.

तो गेला तेव्हा पेटी दारातून मावेना.
दार काढावं लागलं, मीच काढलं,
पेचकस परास्किवाचा.
बिजागऱ्या गंजल्या होत्या.
चरबी लावायची माझी सवय कधी सुटली
आठवेना.
दार भिंतीला टेकवलं तेव्हा दिसलं,
आतल्या बाजूनं, मुठीशेजारी
रंग झिजून लाकूड उघडं पडलं होतं,
चार बोटांएवढं.