मोजणी

भूमापन खात्यात बत्तीस वर्षं साखळी ओढली.
हुक्केरी, चिकोडी, रायबाग,
सगळी काळी माती नंबरांत बसवली.
आता संकेश्वरात, ईरण्णाबुवांच्या माघारी,
त्यांच्या बंदिशींची मोजणी करतोय.
उतारा मागायला कुणी आलेलं नाही.

ट्रंकेत एकोणीस वह्या.
कसर लागू नये म्हणून पानोपानी
निपाणीच्या तंबाखूची पानं घातलेली.
पहिला बिहाग उघडला
आणि सात वेळा शिंकलो.

बुवा मांडवात गात नसत.
‘माझं गाणं दहा बाय बाराचं,’ म्हणायचे,
‘रस्त्यावर ऐकू गेलं तर ती माझी चूक.’
म्हणून प्रत्येक पानावर रागाच्या आधी खोली:
मुजावरांची माडी.
अडत्याच्या पेढीची मागली खोली, मिरचीची पोती हलवून.
नदीकडची खोली, खिडकी लावली.
बोल ब्रजात, स्वर कानडीत,
आणि समासात मराठी:
‘हुसेनसाब, लय धरा. बैल नव्हे.’

क्रम लावायचा कसा?
रागानं लावावा तर एकट्या भीमपलासीखाली तेवीस,
आणि एका पानावर नुसतं,
‘स्वर सापडले, राग सापडेना.’
तारखेनं लावावा तर तारखा नाहीत.
‘बाजारचा दिवस. मिरची पडली. विलंबित.’
मिरची तर दरसाल पडते.

शेवटी खात्याचीच रीत धरली.
एका मुखड्याला एक नंबर.
अंतरे दोन निघाले की पोटहिस्सा,
अठ्ठ्याऐंशी/एक, अठ्ठ्याऐंशी/दोन,
भावाभावांनी चुली वेगळ्या मांडाव्यात तसे.
आणि दिलेला नंबर मोडायचा नाही.
जमीन नदीत गेली
तरी नकाशावर नंबर राहतो.

एका वहीवर पूज्य होतं.
फुटकळ असेल म्हणून महिनाभर बाजूला ठेवली.
बुवांची लेक निंगव्वा चहा ठेवता ठेवता म्हणाली,
‘काका, ते पूज्य नव्हे. कानडी एक आहे.’
खालून तोंड उघडं असतं त्याचं.
शाई पसरून मिटलं होतं.
दोन्ही लिपींतले आकडे जन्मभर लिहिणाऱ्या या हातानं
पहिलीच वही नसल्यात जमा केली होती.
रीत मोडली.
एकपासून सगळं खोडलं,
चौदा बंदिशी आत घेतल्या,
बाकीच्या चौदा चौदा घरं पुढं सरकल्या.
खाडाखोडीवर सही केली, सवयीनं.

एकसष्टवर मात्र अडलो.
बुवांनी स्वतःच आडवी रेघ मारलेली,
बाजूला, ‘ही माझी नव्हे. चुलीकडून ऐकली.’
निंगव्वा बराच वेळ पान बघत राहिली.
‘अव्वा भाकऱ्या थापताना काहीतरी म्हणायची,
हे तेच आहे का, ते मला वाचता येत नाही.’
तिच्या अव्वेला एकही राग ठाऊक नव्हता.
मी रकाने आखले होते: राग, ताल, वही, पान.
त्या दिवशी आणखी एक वाढवला.
कब्जेदार: काशव्वा.
हक्क कशानं आला: चुलीकडून.

आता गुरुवारी पाचसहाजण जमतात.
हुसेनसाबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही,
उजवा कान पुढं करून ते नंबरच सांगतात,
‘एकशेचार म्हणा,’ आणि गुडघ्यावर ठेका सुरू.
बंदिशीचे बोल लोक विसरलेत,
नंबर पाठ झालेत.
याची मला लाज वाटावी की काय, कळत नाही.

परवा कुणीतरी एकसष्ट मागितली.
गाणारं कुणी नव्हतं.
निंगव्वा दारातच उभी होती, मिरच्यांची देठं खुडलेले हात,
तिनं कोपरानं दार लोटलं
आणि उभ्या उभ्याच सुरू झाली.
अंतऱ्याला ती
वहीत नाही अशा बाजूला वळली.

पोटहिस्सा पाडायला हवा होता.
पेन्सिल हातात होती.
टोक करायचं राहिलं होतं.