तळवे

सप्टेंबरात ते उगवतं.
थंडी अजून कुंपणाला टेकून उभी असते
आणि गवताच्या बुडाशी, गाजराच्या पाल्यासारखी
पण बाहुलीच्या ताटात मावतील एवढी पानं.
इतकी नाजूक, की राहू दे म्हणावंसं वाटतं.
म्हणू नये.
नाताळ जवळ येतो तसे त्याच पानांच्या काखेत
काटे धरतात.

वैनुईओमातातली पोरं अनवाणीच हिंडतात,
दुकानात, लायब्ररीत, तापल्या डांबरावरसुद्धा.
मीही हिंडलो. आता माझ्या तळव्यांना
काही म्हणजे काही कळत नाही.
शुगरनं खाल्ले, दवाखान्यातली हिनेमोआ म्हणाली,
आणि वर दम दिला :
बूट, मिस्टर हॅगर्टी. घरातसुद्धा बूट.

म्हणून मी गुडघे टेकतो,
ऑड्रीची लोण्याची सुरी घेतो
(टोस्टला आता मी लोणी लावत नाही)
आणि हिरवळ तळहातानं चाचपतो.
बाकीचं तसं सोपं आहे.
यंत्राचं पातं वर ठेवावं, एक तृतीयांशाहून जास्त कापू नये.
पाणी रोज शिंपडू नये, आठवड्यातून एकदा द्यावं,
पण असं, की मुळांना खाली उतरावंसं वाटेल.
टक्कल पडलं तिथं लगेच बी टाकावं.
उघड्या जमिनीला कुणीतरी हवंच असतं.
तुम्ही गवत दिलं नाहीत
तर ती दुसऱ्या कुणाला बोलावते.

हे मी लोसाला सांगितलं.
शेजारची, आठ वर्षांची. तिनं जांभई दिली.

लोसाचे तळवे मात्र हुशार.
चार वर्षांपूर्वी चेंडू आणायला आली आणि ओरडली, आउए!
मी धावत गेलो. तिच्याकडे नाही,
आधी काट्याकडे, खोटं कशाला बोलू.
तेव्हापासून आमचा करार :
एका काट्याला वीस सेंट.
नोव्हेंबर लागला की ती हात पसरून चालते
दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखी, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत.
ओरडली की मी तिथं आइस्क्रीमची काडी खोचतो,
मग सुरी, मग मूळ, मग काड्यापेटी,
रात्री शेगडी.
पहिल्या वर्षी सदुसष्ट काड्या.
मला वाटलं, पुढच्या वर्षी दहा.
पुढच्या वर्षी एकोणपन्नास. त्याच्या पुढच्या वर्षी बावन्न.
औषध मारलं, वेळेवर मारलं, डब्यावर लिहिल्याबरहुकूम.
कुठून येत होतं, देव जाणे.

परवा ती शाळेतून थेट आली,
पायरीवर बसली आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला.
काढा.
मी चष्मा लावला, ऑड्रीचा भुवयांचा चिमटा आणला.
टाचेजवळ दोन, चवड्यात एक,
एक करंगळीच्या खाली, वाळलेला, पिकलेला,
पेरायला अगदी तयार.
शाळेच्या मैदानावर खूप आहेत, ती म्हणाली.
रोज लागतात. काही इथं येईपर्यंत गळून जातात.

मी हिरवळीकडे पाहिलं.
काड्या अजून तशाच उभ्या होत्या,
आणि चार वर्षांत मला न दिसलेली गोष्ट
एखाद्या खुळ्यालाही दिसली असती :
कडेला तुरळक, मध्ये तुरळक,
दाट फक्त बाजूच्या गेटपासून
नळापर्यंत, जिथं ती पाय धुते.
पायवाटच होती ती. मीच आखून ठेवलेली, काडी काडी करून.

हे चार धरायचे का? तिनं विचारलं.
मी थोडा वेळ चिमटा पुसत राहिलो.
धरले. ऐंशी सेंट.
नाणी मुठीत घेऊन ती पळाली,
गवतावरून, वाटेवरून नव्हे.

गेटला पितळेची कडी आहे, चांगली मजबूत.
शनिवारी मी तिला तेल घातलं.
अडकत होती.
आता एका बोटानं उघडते.