पातळीची खूण

उदगीरपासून समुद्र किती लांब,
नकाशावर पट्टी ठेवून मी कधी मोजलं नाही.
आमचा समुद्र वीस लिटरचा,
खोली नंबर चारमध्ये, खिडकीजवळच्या मांडणीवर.
लिटरला तेहतीस ग्रॅम मीठ,
चिमूटभर नत्र, त्याहून कमी स्फुरद,
लोह नावापुरतं,
आणि माशांच्या टाकीचा पंप, बुडबुडणारा,
लाट म्हणून.

मार्चमध्ये तो फिका पडू लागला.
आधी मेथीचा रंग होता, मग वाळल्या कडब्याचा.
मी दोन ट्यूब वाढवल्या.
खत वाढवलं.
चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली
पेशी शेपट्या गाळून गोल बसलेल्या,
दुपारच्या बसस्टँडवर
पदर डोक्यावर घेऊन बाया बसतात तशा.

केरबा काचा पुसायला आला.
बाटलीच्या गळ्याशी पांढरी कड धरली होती,
ती नखानं खरवडून त्यानं जिभेवर ठेवली.
(इथे काहीही तोंडात घालू नये,
असं भिंतीवर लिहिलंय. मीच लिहिलंय.)
"मॅडम, पाणी उडालंय, मीठ हितंच ऱ्हायलंय.
वरण आटलं तर आपण मीठ घालतो का?"

मी दर सोमवारी, अगदी मोजून,
खारं पाणीच वरून भरत होते.

ऊर्ध्वपातनाचं यंत्र दिवाळीपासून बंद.
केरबा मोईन बॅटरीवाल्याकडून
इन्व्हर्टरच्या पाण्याचा कॅन उधार घेऊन आला.
जादाच्या ट्यूब काढल्या,
खिडकीला ओलं पोतं बांधलं,
दोन ते चार लाइट जायची, तेव्हा पंप गप्प;
तो बाटली कडेवरच्या लेकरासारखी हलवत उभा राहायचा.

नवव्या दिवशी हिरवं.
मी त्याला भिंगाशी बसवलं.
"पापणीच दिसतीया माझी."
मग थोडा वेळ काहीच बोलला नाही.
चार-चार शेपट्यांची ती गर्दी
त्याच्या डोळ्याखालून पळत असणार.

"आन् मोठ्या समुद्राला वरून गोडं पाणी कोण घालतं?"
पाऊस घालतो, म्हटलं. नद्या घालतात.
"मंजी आपली लेंडी बी जाती तितवर?"
जाते, म्हणाले. ज्या वर्षी वाहते, त्या वर्षी.

त्यानं खिशातला मार्कर काढला,
बाटलीवर पाण्याच्या रेघेला रेघ ओढली,
खाली तारीख घातली,
आणि जरा थांबून, लहान अक्षरात,
के. सू.