बायपासची चावी

रात्रपाळीला मी एकटाच असतो.
मी आणि सगळी साखळी,
म्हणजे साखळीचं ते,
जे गाव मोरीत ओततं आणि विसरतं.

पावणेदहाला खानावळींचं तेल येतं,
अकराला एखादी उशिराची आंघोळ.
चवथीच्या दुसऱ्या दिवशी खोबऱ्याचा चव,
लग्नसराईत भात, शितं मोजून घ्यावीत असा.
जाळीवर एकदा कानातली कुडी सापडली.
आठवडाभर विचारत फिरलो, कुणी आपली म्हणेना.
गटारातली म्हटलं की सोन्यालाही धनी नसतो.

वासाचं विचारू नका.
नाक महिन्याभरात नोकरीत कायम होतं.

हवा सोडली की टाकी उकळल्यासारखी दिसते,
हात घातला तर गार.
त्या तपकिरी फेसात न दिसणारे जीव
आपलं सगळं खाऊन जगतात.
साहेब म्हणाले होते, हेच खरे कामगार,
सुकांत, तू फक्त त्यांना श्वास पुरव.

वीज गेली की श्वास जातो.
जनरेटर आहे. डिझेल
फायलीत आहे.
दोन तास मी टॉर्च धरून पाणी चढताना बघतो,
मग खिळ्यावरची चावी काढतो.
आठ फेरे, डावीकडे.
चाक कुरकुरतही नाही.
त्याला ग्रीस मीच घालतो.

वहीत लिहायचं: वेळ, कारण, सही.
दोन दहा. वीज नाही. सु. माजीक.
नदीचा रकाना
छापलेलाच नाही.

वाळवंटी काही बोलत नाही, घेते आणि निघते.
खाली, जिथे पाणी गोडं की खारं
हे रोज नव्याने ठरतं,
तिथे शाबलोमामाची मानस आहे.
बायकोचा मामा. लिलावात घेतलेली मानस,
दोन लाकडी दारं, एक कंदील, एक जाळं.
भरतीला दार उघडून पाणी खाजनात घेतो,
ओहोटीला जाळं लावून बसतो.
यंदा सुंगटं विरळ, म्हणाला.
शेवटे वर येऊन तोंडं उघडतात,
गजाल सांगायला आल्यासारखे.
त्याने खाणीला दोष दिला, मग बार्जच्या तेलाला,
मग अमावास्येला.
मी चहात बिस्कीट बुडवत होतो,
ते तुटून तळाला गेलं.

सोमवारच्या बाजारात तिकडच्याच तिसऱ्या येतात.
बायको वाटा घेते, सात पाण्यांनी धुते.
सातवं पाणी मोरीत जातं.
रात्री ते मला भेटतं.

गेल्या महिन्यात मामा बांधावर उकिडवा बसला,
नेहमीसारखं बोट पाण्यात बुडवलं,
मीठ किती उतरलंय ते जिभेने बघायला.
मोजायचं दुसरं काही त्याच्याकडे नाही,
त्याच्या बापाकडेही नव्हतं.
मी त्याचं मनगट धरलं.
घट्ट धरलं. बोटावरून थेंब
माझ्या बाहीत उतरला.
काय रे, म्हणाला.
काही नाही, म्हणालो.
पण हात सोडला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला,
भरती किती आली हे बघतात तसा.
मग बोट लुंगीला पुसलं.

आता दोन वाजता, आठ फेऱ्यांच्या आधी,
मी त्याला फोन करतो.
मामा, आज दारं उघडू नको.
तो का म्हणून विचारत नाही.
किती वेळ, एवढंच.
उद्याची भरती जाऊ दे, मी सांगतो,
आणि पलीकडे दोर ओढल्याचा,
लाकडावर लाकूड बसल्याचा आवाज येतो.

त्याच्या खाजनात गेलं नाही ते पाणी
पुढे जातं.
पुढच्या वळणावर अजून एक मानस आहे,
तिथेही कंदील दिसतो म्हणे.
त्या माणसाचा नंबर
माझ्याकडे नाही.