उतार

आपोलिनाबायनं कळशी माझ्या नाकाशी धरली.
उदकाक वास मारता, एवढंच म्हणाली,
आणि मी, जिला नाकानं तपासायची मनाई आहे
(त्यासाठी यंत्र दिलंय, पिवळं, सोंडेचं),
हुंगलं.

कुडचड्यात वरच्या रस्त्याला पंप आहे. संशय त्याच्यावर.
मालकानं न मागता वही आणून दिली,
रोज रात्री काठी टाकून मोजलेलं डिझेल,
विक्रीशी लिटरला लिटर जुळणारं.
घामेजलेला माणूस. खरं बोलत होता.
ते मला तीन दिवसांनी कळलं.

आधी जांभा.
गिरमिट फिरवून आमच्या पोरांच्या तळहातांना फोड.
भोकाभोकांचा दगड, त्यातून काहीही कुठंही जातं.
चार मीटरखाली पांढरी शेड, बोटाला साबणासारखी;
तिच्यावर आलेलं थबकतं, आडवं होतं,
वर्षानुवर्षं पडून राहतं.
हातभर माती निघाली की पिशवीत, गाठ,
दहा मिनिटं उन्हात, मग सोंड आत.
चार. सहा. चार.
पंपाच्या कुंपणाशी चार!
एवढं तर रिक्षा गेली तरी येतं.

पाण्याला विचारायचं नसतं, तू कुठून आलंस.
तीन भोकं पाडायची, टेप सोडायची,
जमिनीची उंची जुळवून पेन्सिलनं रेघा ओढायच्या
आणि उताराला विचारायचं.
उतार म्हणाला, पंपाकडून नव्हे.
शाळेच्या मागून. मासळी बसते तिथून.

तिथं तर काहीच नव्हतं.
सिमेंटचा ओटा, ओट्यावर रोजालीन, बांगडे, लेपो, माश्या.
आमचा बर्फ वितळला होता, तिनं तिच्या पेटीतला दिला.
काचेच्या बाटल्या काठोकाठ भरून उलट्या करून बघायच्या,
बुडबुडा दिसला तर ओतून द्यायचं,
शोधतोय ते नेमकं बुडबुड्यातून निसटतं.
सात वेळा ओतलं.
रोजालीन म्हणाली, इतकं उदक तर माझे मासे पीत नाहीत.

पुनो वेळीप आला तेव्हा ऊन कललं होतं.
खाणी चालू होत्या तेव्हा पुनो इथं नळी धरायचा.
खनिजाचे ट्रक रात्रभर रांगेत,
लाल धूळ दातांत, नळी कधी थंड पडली नाही.
मग खाणी बंद. वरचं सगळं उचलून नेलं,
पत्रे, मीटर, भिंतीवरचं घड्याळसुद्धा.
आणि खालचं?
तो चपलेनं ओट्याची कड चाचपत राहिला.
खालचं कोण नेतो, बाय.

ओटा फोडला. झाकण निघालं, पापुद्र्यापापुद्र्यांनी गंजलेलं.
पिवळं यंत्र केकाटायला लागलं ते थांबेना,
शाळेतली पोरं खिडकीत गोळा झाली, टाळ्या वाजवल्या.
रोजालीन टोपली डोक्यावर घेऊन लांब उभी.
मला वाटायचं माझ्याच हातांना वास आहे, म्हणाली,
बारा वर्षं लिंबू चोळतेय.

अर्जात एक रकाना आहे, टाकीचा मालक.
मडगावचा पत्ता मिळाला.
तिथं आता चपलांचं दुकान.

नकाशावर आपोलिनाबायची बांय म्हणजे ठिपका, वि-४.
तिनं विचारलं, नाव नाही?
पणजोबानं खणलेली, त्याचं नाव कायतान.
मी वहीत बाजूला पेन्सिलनं लिहिलं: कायतान.
मग जे सांगायला आले होते ते सांगितलं,
पिऊ नका, आंघोळीलाही नको, टँकर येईल.
किती दिवस?
दिवस नाही म्हणता येणार, म्हटलं.
तिनं कळशीतलं पाणी अंगणात ओतलं.
त्यावर रंग फिरत होते, निळा, जांभळा,
कोंबडी जवळ आली, तिला तिनं पायानं हाकललं.

बुजवून टाकायची का मग? मीच विचारलं,
काहीतरी विचारायचं म्हणून.
ती दोरी गुंडाळत होती.
म्हणाली, ती टाकीपण बुजवलीच होती ना.